पकड आणि अर्थिंग : हायफायच्या एक्स्टेंशन बोर्डाच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

कपाटामागे सध्या काय लटकलंय ते आधी लिहून ठेवतो. भिंतीत १६ अँपिअरचं एक सॉकेट. त्यात सहा तोंडांचा पांढरा युनिव्हर्सल एक्स्टेंशन बोर्ड. त्या बोर्डावर अँप्लिफायर, टर्नटेबल, फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारा), डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करणारा), सबवूफर आणि केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स. मध्ये वॉटमीटर घालून बघितलं : रात्री शेजाऱ्यांना चालेल अशा आवाजात सगळं मिळून १३० वॉटच्या आसपास. एक अँपिअरही नाही. इस्त्री एकटी याच्या सात-आठपट खेचते.

तरी तक्रारी आहेतच. अँपच्या मागच्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या येतात. सबवूफरचा प्लग जरा हलला की स्पीकरमधून चर्र. आणि काही वाजत नसताना दोन्ही स्पीकरमधून बारीक घूं. तिन्हींचं खापर बोर्डावर फोडणं सोपं आहे, पण तिन्हींची कारणं वेगवेगळी असणार असं वाटतंय.

बेत असा : घरातले बोर्ड उघडायचे, मोजायचे, आणि मग एक स्वतः बांधायचा. हायफायच्या दुकानात 'पॉवर ब्लॉक' म्हणून जे मिळतात त्यांच्या किमती काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. त्यातला एक मित्राकडे आहे, तोही बघायला मागितलाय.

२ जून, रविवार

झिणझिण्यांपासून सुरुवात. अँप युरोपातला, जुना घेतलेला, आणि त्याच्याबरोबर आलेल्या वायरीचा प्लग शुको, म्हणजे तिकडचा दोन गोल पिनांचा. शुकोला तिसरी पिन नसते. अर्थिंग प्लगच्या कडेच्या दोन पट्ट्यांतून जातं आणि ते त्यांच्या तिकडच्या सॉकेटातच जुळतं. दोन गोल पिना ४.८ मि.मी. जाडीच्या, १९ मि.मी. अंतरावर. आपल्या ६ अँपिअर प्लगच्या पिना ५.१ मि.मी.च्या आणि अंतर तेच १९. म्हणून शुको आपल्या सॉकेटात सहज शिरतो, अँपचा दिवा लागतो, गाणं वाजतं आणि अर्थिंग मात्र कुठेच जोडलेलं नसतं.

अँपचा पत्रा आणि भिंतीतलं अर्थ यांच्यात मल्टिमीटरने १०८ व्होल्ट दाखवले. हा आकडा कुठून येतो ते उघड आहे : आत फिल्टरचे दोन कपॅसिटर आहेत, एक फेजपासून पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला, त्यामुळे अर्थ नसलेला पत्रा २३० च्या मध्यावर तरंगतो. ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला साधारण ०.३४ मिलिअँपिअर वाहतो. एवढ्याने जीव जात नाही, बोटाला कळतं फक्त. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर याच पत्र्यावर पूर्ण २३० येतील आणि कुठलाही फ्यूज उडणार नाही.

सी-१३ टोकाची (अँपच्या मागे बसणारं तोंड), थ्री-पिन प्लगची साधी वायर लावली. झिणझिण्या संपल्या. युरोपातून अँप आणणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं, बाकीचं नंतर.

बोर्डाचा दोष इतकाच की त्याने नको तो प्लग आत घेतला. तो दोषही लहान नाही.

८ जून, शनिवार

आज तीन बोर्ड उघडले.

पहिला, तोच पांढरा युनिव्हर्सल. आत पितळी पत्र्याच्या लांब पट्ट्या. व्हर्नियरवर जाडी जेमतेम ०.३ मि.मी. प्रत्येक तोंडाशी पट्टीला कापून दोन पाकळ्या काढल्यात, पिन त्यांच्या मधे घुसते. अडचण अशी की या पाकळ्यांनी चार्जरची ४ मि.मी.ची पिन धरायची, शुकोची ४.८ ची धरायची, आपली ५.१ ची धरायची आणि अमेरिकन चपटी पिनही धरायची. सगळ्यांना जागा द्यायची म्हणजे कुणालाच घट्ट धरता येत नाही. गोल पिनेला पाकळी एका रेषेवर टेकते, तेवढंच.

वायर पट्टीला फक्त डाग देऊन चिकटवलेली. आधी पिळून, अडकवून मग डाग दिलाय असंही नाही. डाग निघाला की वायर सुटलीच. वायरीच्या वेष्टनावर १.० छापलंय. आतल्या तारा मोजल्या : ०.२ मि.मी.च्या १६. म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर. चुंबक फिरवला तर फेज-न्यूट्रलच्या पट्ट्या गप्प आणि अर्थची पट्टी टक्कन चिकटली. लोखंडाला पितळी मुलामा. जिच्यातून रोज काही वाहत नाही तिच्यावर पैसे वाचवायचे, हा हिशेब.

दुसरा, संगणकाच्या टेबलाखालचा 'स्पाइक गार्ड'. पत्रा बरा, वायरीचा सांधा रिव्हेट मारून. 'स्पाइक गार्ड' म्हणजे आत फेज-न्यूट्रलच्या मधे एक निळी चकती, व्हॅरिस्टर, वर ४७१ लिहिलेलं. याचा अर्थ ४७० व्होल्टच्या सुमाराला वाहायला लागतो आणि सतत ३०० व्होल्ट एसीपर्यंत सहन करतो. वीज कडाडल्यावर येणाऱ्या क्षणिक झटक्यासाठी ठीक. पण आपल्याकडे दुसरंही घडतं : इमारतीचा न्यूट्रल तुटतो आणि घरात २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट मिनिटभर उभे राहतात. तेव्हा ही चकती तापते, जळते. तिला चिकटून थर्मल फ्यूज असायला हवा, इथे नाही. चकतीपासून बोटभर अंतरावर प्लॅस्टिकची भिंत. बोर्डावरचा लाल दिवा तर स्विच चालू आहे एवढंच सांगतो, चकती जिवंत आहे की मेली ते नाही.

तिसरा माळ्यावरून काढला, वडिलांच्या वेळचा लाकडी बोर्ड. काळी बॅकेलाइटची सुटी सुटी ५ अँपिअरची सॉकेटं. आत पत्रा नाहीच. पितळेच्या कातलेल्या नळ्या, मधून चिरलेल्या, भोवती पोलादी स्प्रिंगचं कडं. पिन घालताना हाताला दाब लागतो, काढतानाही. आपल्या गोल पिनांचं मूळ ब्रिटिश प्रमाणात आहे, बीएस ५४६, १९३४ चं; तिकडे घराघरातून ती सॉकेटं गेली, आपल्याकडे भारतीय मानक १२९३ मधून ती चालू राहिली. ५.१ मि.मी. ही जाडी म्हणजे इंचाचा पाचवा भाग. या बोर्डाला शटर नाही, वायरीवर कापडी वेष्टन आहे, वापरायचा प्रश्नच नाही. पण पकड बघावी तर याची.

९ जून, रविवार

आज मोजणी. साध्या मल्टिमीटरने ओहम मोजून इथे काही हाती लागत नाही, प्रोबच्या वायरीच ०.२ ते ०.३ ओहम दाखवतात. म्हणून दुसरी रीत : यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी, गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब आणि सिरीजमध्ये तपासायचा सांधा. बल्ब लागल्यावर ४.४ अँपिअर वाहतात. मग सांध्याच्या दोन बाजूंना मिलिव्होल्ट मोजायचे. २२ मिलिव्होल्ट पडले तर सांधा ५ मिलिओहमचा. खर्च शून्य, अचूकता पुरेशी. कुणाला करून बघायचं असेल तर अट एकच : बोर्ड भिंतीपासून पूर्ण सुटा हवा.

लाकडी बोर्डाच्या नळ्या पुसून घेतल्यावर ३ ते ४ मिलिओहम, पिन हलवली तरी आकडा जागचा हलत नाही. स्पाइक गार्ड ८ ते १२. पांढरा युनिव्हर्सल आपल्या प्लगला १५ ते २०, आणि शुकोच्या बारीक पिनेला ४० पासून सुरू होऊन हलवताच शंभराच्या पुढे. त्या वेळी बल्ब डोळ्यांदेखत मिणमिणतो.

आता या आकड्यांचं काय करायचं? ७० मिलिओहमच्या सांध्यातून १० अँपिअर गेले तर ७ वॉट उष्णता तिथेच, त्या बोटभर पत्र्यात. इस्त्री-गीझरचे प्लग काळे पडतात ते यामुळे. माझा संच सगळा मिळून ०.६ अँपिअर घेतो. त्याच सांध्यात २५ मिलिवॉट. म्हणजे काहीच नाही. मग हायफायवाल्याने पकडीची काळजी का करावी? कारण आकडा लहान असण्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. सैल सांधा हलतो, तुटतो-जुळतो, बारीक ठिणगी पडते, आणि ती फोनो प्रीअँपसारख्या नाजूक यंत्राला ऐकू जाते. सबवूफरची चर्र तीच. स्पाइक गार्डवर नेऊन लावला, चर्र गेली. परत पांढऱ्यावर आणला, परत आली.

पकडीची दुसरी परीक्षा वजनाची. जुन्या प्लगमधून एक पिन काढली, तिला दोरा बांधला, बोर्ड पालथा टांगला आणि दोऱ्याला पिशवी. लाकडी बोर्डाने अर्धा किलो सहज धरलं. पांढऱ्याने शंभर ग्रॅमच्या आसपास सोडून दिलं, त्यातलं एक तोंड तर पिशवी रिकामी असतानाच.

बोर्ड विकत घेणाऱ्याने बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, पण प्लग घालून, उलटा धरून, हलवून बघावा.

११ जून, मंगळवार

वायरमन काका संध्याकाळी आले होते. बोर्ड कितीही चांगला बांधला तरी भिंतीतलं अर्थ नसेल तर व्यर्थ, म्हणून बोलावलं. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट. काकांनी फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरला, आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडली. "पडली ना? मग झोपा निवांत," म्हणाले. मुख्य बोर्डातल्या न्यूट्रल लिंकचे दोन स्क्रू मात्र अर्धा अर्धा आटा फिरले. सगळ्या घराचा न्यूट्रल त्यांच्यावर!

त्यांनी एक गोष्ट बजावली ती लिहून ठेवण्यासारखी. भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी हे तीन फेज आणि काळी न्यूट्रल. बाजारात मिळणाऱ्या तीन पदरी फ्लेक्झिबल वायरीत मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. म्हणजे निळी भिंतीत फेज असू शकते आणि बोर्डात न्यूट्रल असते. "रंगावर जाऊ नका, टेस्टर लावा," काका म्हणाले. सॉकेट समोरून बघताना, अर्थचं भोक वर असेल तर फेज उजवीकडे.

१५ जून, शनिवार

मित्राचा ब्लॉक आला. सव्वा किलोची ॲल्युमिनियमची घडीव पेटी, कडा गोलसर, खाली रबराचे पाय, चकचकीत रोडियमचा मुलामा दिलेली सॉकेटं. उघडून द्यायला तयार झाला, हे त्याचं मोठेपण.

आधी चांगलं ते. बांधणी खरोखर उत्तम. सॉकेटांचे कॉन्टॅक्ट जाड फॉस्फर ब्राँझचे. पितळ तापून तापून स्प्रिंगपणा सोडतं, ब्राँझ त्या मानाने टिकतं, त्यामुळे ही निवड बरोबर. बल्ब लावून मोजलं : ३ मिलिओहम, हलवलं तरी तेवढेच. वायर स्क्रूखाली नीट दाबलेली, प्रत्येक सॉकेटाला वेगळी, अर्थ एका बिंदूवर जमा केलेलं, पेटीला रंग खरवडून जोडलेलं. दोष काढायला जागा नाही.

रोडियमचं मात्र कौतुक पुरे. रोडियम कठीण आहे, घासून जात नाही, काळं पडत नाही, हे गुण खरे. पण त्याची विशिष्ट रोधकता तांब्याच्या सुमारे अडीच पट. म्हणजे 'अधिक सुवाहक' म्हणून त्याचे पैसे मोजायचे असतील तर सरळ तांबंच बरं. मुलामा इतका पातळ असतो की त्याने फरकही पडत नाही, ना इकडे ना तिकडे.

खरी गडबड वेगळीच. सॉकेटं अमेरिकन चपट्या पिनांची आहेत आणि त्यांच्यावर स्वच्छ कोरलंय : २० अँपिअर, १२५ व्होल्ट. आपण देतोय २३०. अमेरिकेत २५० व्होल्टसाठी वेगळ्या आकाराची सॉकेटं असतात, ती याचसाठी की १२० चं यंत्र २४० मध्ये जाऊच नये. मित्राकडे जपानहून आणलेला टेपडेक आहे, १०० व्होल्टचा, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. जपानी प्लग चपटाच. तो या ब्लॉकमध्ये थेट बसतो. घरातल्या कुणी झाडलोट करताना काढून परत लावला की डेक संपला. हे त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आवाज बघ ना."

आवाज बघितला. अँपचं आउटपुट साउंडकार्डवर घेऊन ५०, १००, १५० हर्ट्झची पातळी बघितली, एकदा त्याच्या ब्लॉकवर, एकदा स्पाइक गार्डवर. फरक एका डेसिबलच्या आत. गाण्यातही मला कळला नाही. त्याला कळला. वाद घातला नाही, चहा घेतला.

जाड वायरीचंही त्याच बैठकीत निघालं. त्याच्या ब्लॉकची वायर ४ चौरस मि.मी.ची, मनगटाएवढी विणलेली जाळी वर. मी वापरणार ती दीडची. तीन मीटरला जाऊन-येऊन सहा मीटर तांबं : दीडमध्ये ८० मिलिओहम, चारमध्ये ३०. माझ्या ०.६ अँपिअरला वाचतात ३० मिलिव्होल्ट. भिंतीतलं व्होल्टेज संध्याकाळभरात पाच-सात व्होल्ट वर-खाली होतं. आणि मुख्य बोर्डापासून या भिंतीपर्यंत पंधरा मीटर अडीचची वायर आहे, तिचेच २४० मिलिओहम, त्याला कोण जाळी घालणार.

१६ जून, रविवार

आराखडा.

सहा सॉकेटं, सगळी ६ अँपिअर, शटरवाली. युनिव्हर्सल नाही. ६/१६ ची जोडसॉकेटंही नाहीत : तिथे एकाच कॉन्टॅक्टने ५.१ आणि ७.१ दोन्ही पिना धरायच्या असतात, आणि एकदा गीझरचा जाड प्लग त्यात राहिला की बारीक पिनेसाठी स्प्रिंग सैल ती सैलच. चार सॉकेटं फक्त थ्री-पिन, दोन अडॅप्टरांसाठी २/३ पिनची. थ्री-पिनमध्ये शटर अर्थच्या पिनेनेच उघडतं, त्यामुळे शुको आपोआप बाहेर राहतो. अर्थच्या भोकात पेन खुपसून शटर उघडण्याची आपली राष्ट्रीय सवय सोडली तर.

प्रत्येक सॉकेटाला वेगळं स्विच नाही. स्वस्त स्विच म्हणजे आणखी एक सांधा, आणि टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा अँप चालू होताना क्षणभर दहा-वीसपट करंट खेचतो, तेव्हा ठिणगी त्याच सांध्यावर पडते. एकच डबल-पोल एमसीबी, १० अँपिअर, सी कर्व्ह. बी कर्व्हची मॅग्नेटिक ट्रिप रेटिंगच्या तिप्पट ते पाचपटीवर होते, अँप चालू करतानाच पडेल. सी पाच ते दहापटीवर. आपल्या प्लगमध्ये ब्रिटिश चौकोनी पिनांच्या प्लगसारखा फ्यूज नसतो, म्हणून ही एमसीबी हौस नाही, गरज आहे.

फिल्टर नाही, व्हॅरिस्टर नाही. झटक्यांसाठी टाइप-टू एसपीडी (झटका अर्थमध्ये ढकलणारा भाग) काकांकडून मुख्य बोर्डातच बसवून घेणार. झटका घरात शिरतो तिथेच आणि आखूड वायरीने अर्थला गेलेला बरा. कपाटामागे तीन मीटर लांब वायरीच्या टोकाशी तो अर्थमध्ये ढकलला तर त्या क्षणी बोर्डाचं अर्थ उचललं जातं आणि केबल टीव्हीची वायर खाली राहते. मधला दाब यंत्रांच्या डोक्यावर.

भिंतीला थेट वायर, पेटीला वेगळं इनलेट नाही. काढता-घालता येणारा सांधा जितका कमी तितकं बरं.

२२ जून, शनिवार

तपकीर गल्ली, पुण्यातली विजेच्या सामानाची. पावसाने गल्लीत चिखल, गर्दी तशीच. दुकानदाराने पहिल्यांदा युनिव्हर्सलच पुढे केली.

"घ्या ना साहेब, सगळे प्लग बसतात यात."

"म्हणूनच नकोत."

मग त्याने तीन-चार कंपन्यांची सॉकेटं काउंटरवर मांडली. खिशातून नेलेला प्लग प्रत्येकात घालून-काढून बघितला. दोन हातांत सारखीच वाटली, तिसऱ्याला पिन घालतानाच खरखर, चौथं घट्ट आणि गुळगुळीत. किंमत चौथ्याची सगळ्यात जास्त नव्हती. पोऱ्याने मागून चुंबक आणून दिला. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. स्क्रू चिकटले, कॉन्टॅक्ट नाही. स्क्रू लोखंडाचे चालतात.

प्लगही बघून घेतला. भिंतीसाठी १६ अँपिअरचा, भरीव पितळी पिनांचा. पत्रा गुंडाळून केलेल्या पोकळ पिनांचे प्लग त्याच पेटीत पडले होते, वजनावरून हाताला लगेच कळतात. तीन पदरी दीडची तांब्याची वायर, आयएस ६९४ छापलेली. तारा दुकानातच मोजल्या, ०.२५ च्या ३०, हिशेब जुळला. बारा मॉड्यूलचा पत्र्याचा सरफेस बॉक्स आणि प्लेट, एमसीबीचा छोटा डबा, पितळी अर्थ-बार, ग्लँड (पेटीत शिरणारी वायर आवळून धरणारी), फेरूल (तारांच्या टोकांवर दाबायच्या नळ्या), रिंग लग, स्टार वॉशर. सगळं पावणेतीन हजारांच्या आत.

२३ जून, रविवार

बॉक्सला कडेने भोक, ग्लँड बसवली. एमसीबीचा डबा बाजूला दोन स्क्रूंनी जोडला, मधल्या भोकाला रबरी ग्रोमेट. पत्र्याची कापलेली कड वायरीचं इन्सुलेशन महिनोन्महिने हळूहळू खाते, ते कधी दिसत नाही.

अर्थच्या स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, स्टार वॉशर, रिंग लग, वर नट. बॉक्सवरची प्लॅस्टिकची प्लेट सोडता सगळा पत्रा अर्थला. अर्थ-बारपासून सहाही सॉकेटांना सहा वेगळ्या हिरव्या वायरी. फेज आणि न्यूट्रल लूपिंगने, पण वायर न तोडता : जिथे सॉकेट येतं तिथलं इन्सुलेशन सोलायचं, वायर दुमडायची, स्क्रूखाली द्यायची आणि तशीच पुढे न्यायची. उद्या एखादा स्क्रू ढिला झाला तरी पुढची सॉकेटं मरत नाहीत.

फ्लेक्झिबल वायरीच्या टोकांना फेरूल. तारांना डाग देऊन स्क्रूखाली देण्याची पद्धत बरीच आहे, पण शिसं-कथलाचा डाग दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू आपोआप सैल पडतो. प्लगच्या आतही फेरूलच. अर्थची वायर आत मुद्दाम लांब ठेवली, कुणी केबल हिसकली तर फेज आधी सुटावी आणि अर्थ सगळ्यात शेवटी.

२९ जून, शनिवार

काकांचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणला होता. ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी, मग फेज-न्यूट्रल आपापसांत : दोन्हीकडे २०० मेगओहमच्या वर, काटा टोकाला. सहज म्हणून स्पाइक गार्डलाही लावला, फेज-न्यूट्रलमध्ये आकडा एकदम खाली. ते बिघडलेलं नाही. ४७० व्होल्टला वाहणारी चकती ५०० ला वाहणारच. असे बोर्ड २५० व्होल्टवर मेगर करावेत.

मग बल्ब आणि बॅटरी. प्लगच्या अर्थ-पिनेपासून प्रत्येक सॉकेटातल्या अर्थपर्यंत ५२ ते ५५ मिलिओहम, त्यातले ४० वायरीचेच. कुठल्याही दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये १० पेक्षा कमी. हा शेवटचा आकडा हायफायसाठी सगळ्यात कामाचा. यंत्रांची फिल्टरं अर्थमध्ये थोडा थोडा करंट सोडतातच. ०.३४ मिलिअँपिअर आणि १० मिलिओहम धरले तर दोन पत्र्यांमधला फरक ३.४ मायक्रोव्होल्ट. लाइन सिग्नल २ व्होल्टचा, त्याला हे दिसतही नाही. टर्नटेबलच्या बाजूला मात्र सिग्नलच ५ मिलिव्होल्टचा, आणि फोनो प्रीअँप रिआ (RIAA, रेकॉर्डांसाठी ठरलेल्या) वक्राप्रमाणे ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबल जास्त उचलतो. तिथे लोखंडी पट्टीचं अर्थ आणि सैल पिन यांचा हिशेब वेगळा होतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच अर्थ-बारवर असावीत ती यासाठी.

केबल धरून पेटी उचलली, झटके दिले, ग्लँडमधून वायर सरकली नाही.

३० जून, रविवार

बोर्ड कपाटामागे गेला. चर्र पूर्ण बंद, प्लग मुद्दाम हलवून बघितले.

घूं आहे तशीच. ती बोर्डाची नव्हतीच. अँपच्या एकेका इनपुटची वायर काढत गेलो. फोनोची काढली, आहे. डॅकची काढली, आहे. सेट-टॉप बॉक्सची काढली, गप्प. परत लावून नुसती केबलवाल्याची कोअॅक्स काढली, तरी गप्प. म्हणजे कोअॅक्सची जाळी बाहेर कुठेतरी, दुसऱ्या इमारतीच्या अर्थला टेकलेली, आणि आमचं अर्थ वेगळं. दोघांतला फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतो. कितीही महाग ब्लॉक घेतला असता तरी हा आवाज राहिला असता. काहीजण अशा वेळी अँपच्या प्लगची अर्थ-पिन काढून टाकतात. घूं जाते आणि २ जूनचे १०८ व्होल्ट परत येतात. मी सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने फक्त टीव्हीला जोडला आणि टीव्हीतून डॅकला ऑप्टिकल वायर दिली. प्रकाशाच्या वायरीतून अर्थचा करंट जात नाही. घूं संपली.

दुपारी आणखी एक गंमत. अँपच्या पेटीतूनच, स्पीकरमधून नव्हे, गुर्र आवाज यायला लागला. आत बायको केस वाळवत होती, ड्रायर अर्ध्या वेगावर. असे ड्रायर अर्ध्या वेगासाठी नुसता एक डायोड मध्ये घालतात, लाटेचा अर्धाच भाग वापरतात, त्याने लाइनमध्ये किंचित डीसी येतो आणि टोरॉइडचा गाभा तेवढ्यानेही एका बाजूला भरतो. तिला पूर्ण वेगावर चालव म्हटलं. "गाण्यासाठी मी केस जाळू का?" अँपसाठी डीसी ब्लॉकर बांधता येतो, पण तो वेगळा प्रकल्प.

१४ जुलै, रविवार

सगळे स्क्रू परत तपासले. तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांनंतर एकदा हे करावंच लागतं. फेज-न्यूट्रलचे चार स्क्रू किंचित फिरले, अर्थ-बारचा एकही नाही. पेटी हाताला गार. बोर्डावर कागद चिकटवलाय : 'इस्त्री, व्हॅक्यूम क्लीनर लावू नये.'

काकांनी एसपीडी बसवला. त्याची हिरवी खिडकी लाल झाली की आतला भाग बदलायचा, हे दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं.

मित्राचा फोन होता. टेपडेकचं त्याने मनावर घेतलंय, ब्लॉकमधली अमेरिकन सॉकेटं काढून आपली थ्री-पिन बसवायची म्हणतो. पेटी आणि आतली बांधणी ठेवण्यासारखी आहे, पण वरची भोकं अमेरिकन मापाची. आपलं सॉकेट त्यात बसत नाही. वरचं झाकण ३ मि.मी. ॲल्युमिनियमचं नवीन कापून घ्यावं लागेल. मापं घेतली, चित्र काढून कटिंगवाल्याला दिलं. रोडियमची सॉकेटं परत विकता येतील का, हे त्याने दोनदा विचारलं.